मैफलीतले पाय

...आणि वर मला म्हणते कशी, "मी टाळ्या वाजवल्या की तू वाजव. आपण होऊन वाजवू नकोस." आता मला सांगा, त्रेसष्ट वर्षांचा माणूस मी, चार नातवंडांचा आजा, मनिलाशेजारच्या मारिकिनात, आमच्या बुटांच्या गावात, स्वतःच्या नावाची पाटी लावून अडतीस वर्षं बूट शिवले, आणि टाळी कधी वाजवायची हे मला बायकोनं कोपरानं ढोसून सांगायचं? बरं, चूक तरी माझी होती का? ती पन्नास-साठ माणसं काळे कोट घालून जीव तोडून वाजवत होती, कुणी घासतोय, कुणी फुंकतोय, मागं एक जण भलामोठा नगारा बडवतोय, आणि एकदम थांबली की हो. सगळं चिडीचूप. माणसाला काय वाटेल? संपलं. मला वाटलं, बिचाऱ्यांनी एवढा घाम गाळला आणि एकही जण टाळी वाजवेना, काय ही शहरातली माणसं... म्हणून मी वाजवल्या. चांगल्या दणदणीत. कातडं कुटून कुटून माझे हात म्हणजे फळ्या झालेत. हजार माणसांनी माझ्याकडे पाहिलं. तो काठी हलवणारा असतो ना पुढं, त्यानंसुद्धा अर्धी मान वळवली. आणि पेतांग, म्हणजे आमची ही, दातातल्या दातात म्हणाली, "संपलं नाहीये. मध्ये जरा दम घेतायत."

मी म्हटलं, बरं.

तुम्हाला सांगतो, माझं अर्धं आयुष्य या 'बरं'नं खाल्लंय. लग्नाच्या वेळी पाद्रीबाबानं विचारलं तेव्हाही माझ्या तोंडातून आधी 'बरं'च निघालं होतं, मग त्यांनी नीट म्हणायला लावलं.

हे सगळं सुरू कुठून झालं, तर माझं दुकान बंद झालं तिथून. दुकान म्हणजे काय, घराचाच पुढचा भाग. मी फर्म्यावर, म्हणजे लाकडी पावलावर, बूट ओढायचा, पेतांगनं मशीनवर वरच्या कातड्याचे टाके घालायचे, एकतीस वर्षं आम्ही एकमेकांकडे पाठ करून संसार केला आणि सुखात केला. मग आले ते बाहेरून जहाजानं येणारे बूट. दिसायला राजपुत्र, आत कागद. खरंच सांगतो, कागद. पण लोक नेतात, कारण दर तीन महिन्यांनी नवा जोड घालायची हौस. एकेक करून आमच्या गल्लीतली सगळी दुकानं बसली, शेवटी मीही दार ओढलं, आणि दारात एक प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलो. किती दिवस बसलो? वर्षभर. समोरून जाणाऱ्यांचे पाय बघत. याची टाच बाहेरून झिजली, हिचा पट्टा तुटायला आलाय, हा लंगडतोय म्हणजे आत खिळा वर आला असणार... मनातल्या मनात अख्ख्या मारिकिनाचे बूट दुरुस्त केले मी. प्रत्यक्षात आरीला हात लावला नाही. आरी, रांपी, हातोडी, सगळं एका डब्यात घातलं आणि डबा पलंगाखाली ढकलला.

एके दिवशी पेतांग दारात आली. म्हणाली, "वेन्सी, काल शेजारची मुलगी आली होती. तुझ्या मांडीवर पिशवी ठेवून आत गेली."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. तिला वाटलं, नुसती खुर्चीच आहे."

आणि त्याच आठवड्यात घरात शिरल्या लुवाल्हातीबाई. या बाई शाळेत संगीत शिकवायच्या, आता वय सत्तर, पण अजून सगळ्या जगाशी तिसरीच्या वर्गासारखं बोलतात. रांगेत उभे राहा, डबा आणलाय का, पाणी प्यायलात का. त्यांनी चर्चमधल्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ काढलं होतं, दर शनिवारी मनिलात जायचं, कधी संगीत, कधी नाच, कधी चित्रं. म्हणाल्या, "वेन्सी, कला माणसाला आतून धुऊन काढते." मी म्हटलं, मी रोज आंघोळ करतो. पेतांगनं डोळे वटारले. "शनिवारी अकराला निघायचं," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, बरं.

अकराला का, तर कार्यक्रम तीनचा. मधले चार तास जीपनीत, म्हणजे आमच्या त्या लांबलचक जीपगाडीत. त्या जीपनीत बसून आम्ही सात म्हातारी माणसं मांडीवर डबे घेऊन तांदळाचे वाफवलेले पुतो खातोय, शेजारचा ट्रक आमच्या तोंडावर धूर सोडतोय, आणि लुवाल्हातीबाई गाडीच्या आवाजावरून ओरडून सांगतायत की आज ऐकायचंय त्यातला दुसरा भाग अतिशय हळुवार आहे. बाहेर अंगाची लाही, आणि सभागृहात शिरलं की एवढा गारठा, एवढा गारठा, की बाजारात बर्फावर मांडलेल्या मासळीची मला पहिल्यांदा दया आली. शाल गुंडाळून बसायचं, खोकायचं नाही, गोळीचा कागद वाजवायचा नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. आता मला सांगा, मजा करायला आणलं म्हणता आणि मजा करायच्या सगळ्या वाटा बंद?

आणि बाई सांगणार, "डोळे मिटून ऐका." मिटले की झोप. उघडले की... पाय.

हो, पाय. माझा रोगच तो. तुम्ही वाद्यं बघत असाल, मला व्यासपीठावर फक्त बूट दिसतात. पहिल्या रांगेतला तो तिसरा व्हायोलिनवाला, त्याच्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटलेला, तो ठेका धरला की बूट जबडा उघडतो, असा, मगरीसारखा. काठीवाल्या साहेबांनी आत उंचीची टाच चढवलेली, कुणाला कळत नाही, मला कळतं. ती जाड व्हायोलिनं गुडघ्यांत धरून बसतात त्यातली एक बाई, तिनं गाणं सुरू झालं की हळूच टाच बाहेर काढायची. चावत होता बूट. दोन तास मी त्या टाचेची काळजी केली. घरी येताना लुवाल्हातीबाईंनी विचारलं, "वेन्सी, तुम्हाला काय भावलं?" काय सांगू? म्हटलं, डाव्या बाजूच्या बाईंचं फार वाईट वाटलं. बाई गहिवरल्या. म्हणाल्या, "बघा पेतांग, दुःखाचे सूर यांना बरोबर पोचले."

चित्रांच्या प्रदर्शनाचं तर विचारूच नका... पण आता विषय निघालाच आहे. एका मोठ्या पांढऱ्या दालनात आम्हाला नेलं. भिंतीवर चित्रं असतील असं वाटलं होतं, तर मधोमध एक चौथरा, त्यावर काचेशिवाय, दोरीशिवाय, एक जुन्या चपलांचा जोड. आणि खाली लिहिलेलं: एका हमालानं तीस वर्षं चाललेली वाट. लोक तोंडाला हात लावून उभे. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी. मी जरा वाकलो. मग अजून वाकलो. मग... हात लागलाच हो, सवयीनं. उचलली आणि उलटी केली.

रखवालदार पळत आला. पेतांगनं शाल तोंडावर घेतली. मी म्हटलं, अरे बाबा, ठेवतो, पण ही चप्पल घालून कुणी चाललेलंच नाही. माणूस तीस वर्षं चालला ना, तर एक पाय जास्त झिजतो, एक कमी. हमाल असेल तर ओझ्याच्या खांद्याकडची टाच आधी बसते. ही दोन्हीकडून सारखी झिजलीय. ही झिजलेली नाहीच, घासलीय. मशीनवर.

आणि कोपऱ्यातून एक पंचविशीतला पोरगेला कलावंत पुढं आला, कानात बाळी, कान लालभडक. म्हणाला, "पॉलिश पेपर लावला होता. कसं कळलं?" मी त्याला खाली बसवलं आणि वीस मिनिटं समजावलं की माणूस कसा झिजतो. लिहून घेतलं त्यानं. मोठा गुणी मुलगा. पण घरी येताना सबंध चार तास पेतांग शाल तोंडावर घेऊनच बसली, आणि शेवटी गल्लीच्या तोंडाशी एवढंच म्हणाली, "यापुढं हात खिशात."

मी म्हटलं, बरं.

आता खरी गोष्ट. गेल्या फेब्रुवारीतला शनिवार. समुद्रापलीकडच्या बाकोलोदची एक मुलगी, अमिहान नाव, वय बावीस, मनिलात पहिल्यांदाच एकटी पियानो वाजवणार होती. एकटी म्हणजे अगदी एकटी, मागं कुणी घासायला नाही, बडवायला नाही. लुवाल्हातीबाईंनी महिनाभर आधी जागा धरल्या होत्या. दुसरी रांग. "इथून हात दिसतात," म्हणाल्या. हात दिसत असतील. माझ्यासमोर काय आलं? पियानोच्या खालचा तिचा उजवा पाय. पॅडलवरचा. माझ्यापासून दहा हातांवर. चंदेरी बूट, अडीच इंची टाच, नवा कोरा.

ती आली, वाकली, बसली, वाजवायला लागली. लोक आधीच डोलायला लागले. आणि मला ऐकू आलं... टिक.

पॅडल दाबलं की टिक. सोडलं की टिक. फार बारीक हं, माझ्याशिवाय कुणाला ऐकू जायचं कारण नाही. पण मी अडतीस वर्षं तो आवाज ऐकलाय. टाच सैल झाली की असा आवाज येतो. आत एकच खिळा आणि तोही सुटत आलेला. टाचेवर पाय टेकून ती पंजानं पॅडल दाबणार, दर दाबाला टाच थोडी मागं जाणार, थोडी पुढं येणार. मी बघत होतो, भोक रुंदावत होतं. म्हणजे दिसत नव्हतं, पण मला दिसत होतं. ती एकीकडे कसलं तरी वादळासारखं वाजवतेय, आणि मी मनात मोजतोय, आता गेली, आता गेली, उठून वाकायला लागली की मोडणार, सगळ्यांसमोर पडणार ही मुलगी. घाम फुटला मला. त्या बर्फाच्या कारखान्यात घाम.

आणि मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्यांदाच, हं. एवढ्या शनिवारांत मी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. तिलाही कळलं होतं. हात धावत होते पण डोळे खाली जात होते, आणि पाय ती असा उचलायला लागली होती, जपून, निखाऱ्यावर ठेवावा तसा.

मध्यंतर झालं. ती अगदी लहान लहान पावलं टाकत आत गेली. लोक म्हणाले, काय विनय. मी उठलो.

"कुठं?" पेतांग म्हणाली.

"आत."

"वेन्सी, बस खाली. मागच्या वेळी चप्पल उचललीस, आज काय पियानो उचलणार आहेस?"

आणि तुम्हाला सांगतो... मी 'बरं' म्हटलं नाही. म्हणजे ठरवून नाही. ते आलंच नाही तोंडातून. पाय आपोआप निघाले.

आतल्या दाराशी रखवालदार. तरुण, धिप्पाड. "सर, इथून फक्त कलाकार."

मी म्हटलं, "मला कलाकाराला नाही भेटायचं. तिच्या बुटाला भेटायचंय."

"सर, संडास त्या बाजूला आहे."

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. म्हटलं, "तुला डावा बूट अर्धा नंबर कमी पडतो. करंगळीला घट्टा आहे. दुपारी चारनंतर तू सगळा भार उजव्यावर घेतोस, म्हणून कंबर दुखते." त्यानं माझ्याकडे बघितलं. मग आपल्या बुटाकडे बघितलं. मग कमरेवर हात ठेवला. "सर, यावर उपाय काय?" मी म्हटलं, येताना सांगतो. सोडलं त्यानं.

आत एक लहानशी खोली. आरशासमोर अमिहान, पाय उघडे, बूट मांडीवर. शेजारी तिची आई, गावाकडची साधी बाई, हातात च्युइंगम. चघळून चघळून मऊ केलेलं. त्यानं टाच चिकटवायला निघाली होती. मी म्हटलं, थांबा, थांबा, मी मारिकिनाचा चांभार आहे. एवढंच बोललो. दीड वर्षात मी हे वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, "लोलो, मी अनवाणी वाजवते. काही होत नाही." लोलो म्हणाली. आजोबा. एरवी मी वाद घातला असता. पण आई गडबडीनं म्हणाली, "नाही हो, तिनं अनवाणी कसं जायचं, लोक काय म्हणतील, मी स्वतः निवडून घेतले, कालच, मोठ्या दुकानातून. नवे आहेत हो. माझंच चुकलं का काही?"

मी बूट हातात घेतला. आतलं अस्तर उचललं. आणि बघतो तर काय... कागद.

तोच तो. जहाजानं आलेला. ज्यानं माझं दुकान खाल्लं, आमची गल्ली खाल्ली, तो माझ्या हातात, पोट फाडून पडलेला. घामानं कागदाचा लगदा झालेला आणि त्यात एक खिळा, दाढ हलावी तसा हलतोय. काय काय आलं म्हणून सांगू तोंडाशी. दीड वर्ष भाषण तयार होतं माझं. आणि समोर ती आई उभी, तळहातावर च्युइंगम घेऊन.

मी म्हटलं, "बूट चांगला आहे. एक खिळा जरा कमी बसलाय, एवढंच. होतं असं नव्या बुटात."

तिनं असा श्वास सोडला, की मला लाजच वाटली नाही खोटं बोलल्याची.

पण हत्यार कुठंय? हत्यारं पलंगाखाली. इतक्यात मागून पेतांग आली, रखवालदाराला काय सांगून आली देव जाणे, आणि तिच्यामागं एक वाळका म्हातारा, हातात कातडी पेटी. तो पियानो लावणारा. मध्यंतरात येऊन दोन-चार तारा घट्ट करून जायचं त्याचं काम, सेबियो नाव, तोंड असं की जगात एकही सूर जागेवर नाही. पेतांगनं त्याला बाहीला धरून आणलं होतं. "याच्याकडे पेटी आहे," ती म्हणाली. बस. एकतीस वर्षांत ती मला असंच हत्यार द्यायची, मागं न बघता.

मी म्हटलं, "कुया, अहो दादा, एक स्क्रू द्या. एवढा. आणि पेचकस."

सेबियो म्हणाला, "माझे स्क्रू पियानोचे आहेत."

"मग? बुटाला कळणार आहे का?"

"मला कळेल. शिवाय आठ मिनिटं राहिलीत आणि वरचा एक स्वर उतरलाय."

"तो उतरलेला स्वर हजारांत किती जणांना कळेल?"

"मला," तो म्हणाला.

"आणि ही टाच हलतेय हे हजारांत कुणाला कळलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पेटी उघडली. काय पेटी होती हो. एकेक वस्तू आपल्या जागी, पितळेचे स्क्रू मापाप्रमाणे, लोकरीच्या पट्ट्या, चिकटवायच्या सोल्युशनची बाटली, लहान हातोडी. माझे डोळे भरून आले ते पियानोनं नाही, त्या पेटीनं. "सहा मिनिटं," तो म्हणाला आणि आपला स्वर वर चढवायला पळाला.

पहिल्यांदा पेचकस घसरला. पेतांगनं बूट दोन्ही हातांनी घट्ट धरला. दुसऱ्यांदा बसला. पण स्क्रू धरणार कशात? कागदात? खाली कातड्याचा तुकडा हवा. कातडं कुठून आणू? मी पट्ट्याकडे बघितलं. दुकान बंद झाल्यापासून मी वाळलो होतो, माझ्या कमरेच्या पट्ट्याचं शेपूट असं हातभर लोंबत असायचं. अस्सल म्हशीचं कातडं, मीच केलेला. सेबियोच्या चाकूनं कचकन शेपूट कापलं, गोल तुकडा काढला, सोल्युशन लावलं, आत दाबला, भोक पाडलं, पितळी स्क्रू आणि फिरव, फिरव, फिरव. कसा गेला म्हणून सांगू... लोण्यात. लोकर बांधलेल्या हातोडीनं दोन टोले. अस्तर परत. दुसऱ्या बुटालाही तसंच, कारण एक भाऊ मेला की दुसराही जातो. घंटा वाजली तेव्हा मी टाच भिंतीवर आपटून दाखवली. हूं की चूं नाही.

अमिहान उभी राहिली. एक पाऊल टाकलं. मग दुसरं, मोठं. मग माझ्या हातावर वाकून कपाळ टेकवलं तिनं, आमच्यात मोठ्यांना करतात तसं, आणि गेली. हात सोल्युशननं बरबटलेला होता. तिच्या कपाळाला थोडं लागलं. तसंच घेऊन बाहेर गेली ती.

आम्हाला परत जागेवर जायला वेळच उरला नाही, दारं बंद झाली. मग पडद्याआड उभे राहिलो, मी, पेतांग, ती आई आणि सेबियो, लाकडी खोक्यावर टेकून. ती वाजवायला लागली. मी कान लावून राहिलो, आता येईल टिक, आता येईल. पॅडल दाबलं... नाही. सोडलं... नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. मी वाट बघतोय, वाट बघतोय, आणि टिक काही येईना, आणि तिच्या जागी काय यायला लागलं, तर ते बाकीचं. म्हणजे जे एवढे सगळे लोक इतके महिने ऐकत होते, ते. मला शब्द नाही माहीत. लुवाल्हातीबाईंना विचारा, त्या सांगतील. एक स्वर वर जायचा आणि तिथं असा थांबायचा, की वाटायचं आता पडेल, आणि पडायचा नाही. मला वाटलं, हा कुणीतरी नीट बसवलाय. कुणीतरी खाली कातडं घातलंय याच्या.

पेतांगनं अंधारात माझा हात ओढला. अंगठ्यावर सोल्युशन वाळलं होतं, ते नखानं हळूहळू सोलायला लागली. दुकान होतं तेव्हा रोज संध्याकाळी सोलायची. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

शेजारी सेबियो पुटपुटला, "वरचा तो अजून केसभर उतरलेलाच आहे."

मी म्हटलं, "मला तर छान लागला."

तो म्हणाला, "तुम्ही बुटांचं बघा."

दुसऱ्या दिवशी मी पलंगाखालचा डबा काढला. म्हटलं, आरीला गंज चढला असेल, नुसती पुसून ठेवावी. पुसता पुसता शेजारच्या पोरीची सँडल शिवली. मग मंगळवारी तो रखवालदार आला, पत्ता शोधत, त्याचा डावा बूट फर्म्यावर ओढून सैल करून दिला. कंबर थांबली त्याची. पुढच्या आठवड्यात बाकोलोदहून खोकं आलं, आत गूळ भरलेल्या पोळ्यांचे पुडे आणि अमिहानच्या आईची चिठ्ठी: तिनं तेच बूट घालून आणखी दोन ठिकाणी वाजवलं. आणि त्या मुलीनं काय केलं असेल? सगळ्या वाजवणाऱ्यांना सांगितलं. तो मगरीचा जबडा आला, स्वतःच्या पायांनी, बूट बगलेत घेऊन. ती टाच बाहेर काढणारी बाई आली. काठीवाले साहेब काळा चष्मा लावून आले, म्हणाले, "ही उंचीची गोष्ट आपल्या दोघांत." मग एक नाचणाऱ्यांचं अख्खं पथक, सोळा जोड एकदम. पेतांगनं मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं, आणि आम्ही पुन्हा एकमेकांकडे पाठ करून बसलो. दारातल्या खुर्चीवर आता गिऱ्हाईक बसतं.

तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली करतोस, चांगलंच झालं की. अहो, झालं. पण कलाकारांकडे द्यायला असतं काय? मजुरी विचारली की खिसे चाचपतात, लाजतात, आणि हातावर तिकिटं ठेवतात. आता नाही कसं म्हणायचं? माझ्या गल्ल्यात बघा तुम्ही, नोटा कमी आणि तिकिटं जास्त. आधी नुसता शनिवार जायचा, आता बुधवार जातो, शुक्रवार जातो, रविवारी दोनदोन. लुवाल्हातीबाईंना माझ्या घरून जागा मिळतात, त्यामुळे त्या मला 'रसिक वेन्सी' म्हणतात, चारचौघांत. पेतांगनं दोन नव्या शाली घेतल्यात. आणि परवा कोण आलं असेल, तर एक नृत्यदिग्दर्शक. त्याच्या स्वतःच्या बुटाचे दोन्ही सोल मी बदलून दिले, मन लावून, तीन दिवस खपून. तो इतका खूश, इतका खूश, म्हणाला, "लोलो, तुमच्यासाठी पहिली रांग. अगदी मधोमध. नाही म्हणायचं नाही."

मी म्हटलं, बरं.

तो गेल्यावर चष्मा लावून तिकीट वाचलं. आधुनिक नृत्य, साडेतीन तास, मध्यंतर नाही... आणि नाचणारे सगळे अनवाणी.